२४७ वजा २९ : स्पीकर जॉन बेनर यांच्या पायउताराचा प्रकरण अभ्यास

२४ सप्टेंबर २०१५. अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे पोप फ्रान्सिस बोलत होते. त्यांच्या पाठीमागे उंचावरच्या दोन खुर्च्यांवर उपाध्यक्ष जो बायडन आणि प्रतिनिधिगृहाचे स्पीकर जॉन बेनर बसले होते. बेनर यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि हातातला रुमाल पुन्हा पुन्हा डोळ्यांकडे जात होता. बेनर कट्टर कॅथलिक. पोपना या सभागृहात आणायची त्यांची वीस वर्षांची धडपड त्या दिवशी फळाला आली होती. निघताना पोपनी त्यांना जवळ ओढून 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाच्या खासदारांच्या बंद दाराआडच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की ऑक्टोबरअखेर आपण स्पीकरपद सोडणार आणि खासदारकीही.

त्या दिवशी ४३५ जणांच्या गृहात त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे २४७ सदस्य होते. १९२८च्या निवडणुकीनंतर पक्षाला एवढं मोठं बहुमत कधी मिळालं नव्हतं. निवडणूक होऊन वर्षही झालं नव्हतं. एवढ्या भरल्या घरातून घरचा कर्ता माणूस असा का निघाला, हे या प्रकरणातून नीट कळतं. म्हणून ते तपशिलात मांडतो आहे.

पार्श्वभूमी

बेनर यांचा जन्म १९४९चा, ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळच्या रीडिंग गावातला. बारा भावंडांत ते दुसरे. घरात न्हाणीघर एकच, आणि आईवडील दिवाणखान्यातला सोफा उघडून त्यावर झोपत. आजोबांनी काढलेला बार वडील चालवायचे. फरशी पुसणं, टेबलं आवरणं ही कामं पोरांकडे असायची. तऱ्हेतऱ्हेच्या गिऱ्हाइकांशी जमवून घ्यायला आपण तिथेच शिकलो, असं ते पुढे आवर्जून सांगत. सफाई कामगाराची नोकरी करत करत त्यांनी कॉलेज केलं आणि १९७७ साली पदवी घेतली. घरात कॉलेजला जाणारे ते पहिलेच. पुढे प्लास्टिक आणि पॅकेजिंगच्या धंद्यात जम बसवला, ओहायोच्या विधिमंडळात गेले आणि १९९०मध्ये काँग्रेसवर निवडून आले.

आले ते बंडखोर म्हणून, हे विसरून चालणार नाही. गृहाच्या स्वतःच्या बँकेतून खासदार खात्यात पैसे नसतानाही चेक वटवून घेत होते. ते प्रकरण ज्या सात नवख्या रिपब्लिकनांनी चव्हाट्यावर आणलं, त्यांत बेनर होते. १९९४मध्ये, पुढे स्पीकर झालेल्या न्यूट गिंगरिच यांच्याबरोबर त्यांनी पक्षाचा जाहीरनामा घडवला. चाळीस वर्षांनी गृहात बहुमत आलं आणि बेनर पक्षाच्या पहिल्या फळीत जाऊन बसले. १९९७मध्ये गिंगरिच यांना हटवायच्या फसलेल्या बेतात त्यांचं नाव आलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचं नेतेपद गेलं.

त्यानंतरची वर्षं मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची वाटतात. रुसून न बसता ते शिक्षण समितीच्या कामाला लागले. २००१मध्ये समितीचे अध्यक्ष झाल्यावर विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे जॉर्ज मिलर आणि टेड केनेडी यांच्याबरोबर बसून त्यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा शिक्षण कायदा तयार केला. जानेवारी २००२मध्ये अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली ती बेनर यांच्याच मतदारसंघातल्या हॅमिल्टन गावच्या हायस्कुलात. समोरच्याशी देवाणघेवाण केल्याशिवाय कायदा होत नाही, ही शिकवण घेऊन ते २००६मध्ये पुन्हा नेतेपदी आले आणि ५ जानेवारी २०११ला स्पीकर झाले.

इथे एक खुलासा हवा. आपल्याकडे ग. वा. मावळणकरांपासून लोकसभेचा अध्यक्ष म्हणजे पक्ष बाजूला ठेवून सभा चालवणारा पंच, अशी निदान अपेक्षा तरी असते. २०१५मध्ये त्या खुर्चीवर सुमित्रा महाजन होत्या. भाजपचं धोरण ठरवणं किंवा भाजपच्या खासदारांची मोट बांधणं हे त्यांचं काम नव्हतं. अमेरिकेतला स्पीकर मात्र बहुमतातल्या पक्षाचा गृहातला सेनापतीच असतो. कुठलं विधेयक मांडायचं, कुठलं दाबून ठेवायचं, हे तो ठरवतो. दुसरा फरक याहून मोठा आहे. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. तिकडे तसलं काही नाही. पक्षाविरुद्ध मत देऊनही खासदार आपल्या जागी शाबूत राहतो.

अडचण कशी वाढत गेली

बहुमतासाठी लागतात २१८. बेनर यांच्याकडे २४७. म्हणजे २९ जण फुटले तरी चालेल, तिसावा फुटला की गाडं अडलं. त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षाचं सगळं राजकारण या एका वजाबाकीत होतं.

जानेवारी २०१५मध्ये त्यांची स्पीकरपदी तिसऱ्यांदा निवड झाली तेव्हाच पक्षातल्या २५ जणांनी त्यांना मत दिलं नाही. त्याच महिन्यात कडव्या उजव्या खासदारांनी 'फ्रीडम कॉकस' नावाचा गट काढला. त्याचे पहिले अध्यक्ष जिम जॉर्डन, तेही ओहायोचेच. बेनर स्वतः गर्भपाताचे विरोधक, कर आणि खर्च कमी करा म्हणणारे, डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांच्या आरोग्य कायद्याचे कडवे टीकाकार. विचारांनी ते या मंडळींपासून फार लांब नव्हते. भांडण होतं ते मार्गाचं. सिनेट (काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह) आणि अध्यक्ष जे मान्य करणार नाहीत, त्यासाठी खर्चाला मंजुरी नाकारून सरकारचं कामकाज बंद पाडायचं का, एवढाच खरा वाद.

पूर्वीच्या स्पीकरांकडे खासदाराला वळवायचे उपाय असायचे. एखाद्याच्या मतदारसंघातला पूल, रस्ता, धक्का अर्थसंकल्पात नावानिशी घालून द्यायचा आणि त्याचं मत घ्यायचं. या 'इअरमार्क' पद्धतीला बेनर यांचा पहिल्यापासून विरोध. स्वतःच्या मतदारसंघासाठी त्यांनी ते कधी मागितले नाहीत आणि २०११मध्ये बहुमत येताच ते बंद झाले. तत्त्व म्हणून मला ते पटतं, पण त्यामुळे देण्यासारखं त्यांच्या हाती काही उरलं नाही. दुसरीकडे बरेचसे मतदारसंघ इतके एकतर्फी झाले होते की नोव्हेंबरच्या निवडणुकीची भीतीच नव्हती. भीती होती ती पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीची. १० जून २०१४ला गृहातले दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात अशाच प्राथमिक निवडणुकीत एका नवख्या प्राध्यापकाकडून हरले. त्या रात्रीनंतर तडजोडीला 'हो' म्हणणं किती महाग पडतं, हे वेगळं सांगायला कोणी लागलं नाही.

त्यामुळे होऊ लागलं असं. आणीबाणीची वेळ आली की बेनर शेवटच्या घटकेला विधेयक मांडायचे आणि ते डेमोक्रॅटांच्या मतांवर तरून जायचं. जानेवारी २०१३मध्ये करवाढीचा पेच सुटला तेव्हा स्वपक्षाचे ८५ जण बरोबर होते. ऑक्टोबर २०१३मध्ये सरकार पुन्हा सुरू करताना ८७. फेब्रुवारी २०१४मध्ये कर्जमर्यादा, म्हणजे सरकारने किती कर्ज काढायचं याची मर्यादा, उठवताना फक्त २८. मार्च २०१५मध्ये गृहसुरक्षा खात्याच्या निधीला ७५. देश दर वेळी वाचला. पण उरलेले दीडशे-दोनशे रिपब्लिकन गावी जाऊन 'आम्ही विरोध केला, आमच्या नेत्याने घात केला' असं सांगायला मोकळे राहिले. त्यांतल्या अनेकांना विधेयक मंजूर व्हायला हवंच होतं, फक्त स्वतःचं बोट काळं करायचं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा खेळ बेनर यांनी चालू दिला आणि त्याची किंमत त्यांच्या एकट्याच्या खात्यावर चढत गेली.

सप्टेंबर २०१५ : समोर असलेले पर्याय

२८ जुलै २०१५ला नॉर्थ कॅरोलायनाचे मार्क मेडोज यांनी स्पीकरपद रिक्त जाहीर करण्याचा ठराव दाखल केला. तातडीचं मतदान होईल अशा स्वरूपात तो नव्हता. तो नियम समितीकडे गेला. पण तोच ठराव विशेषाधिकाराचा म्हणून पुन्हा मांडला की दोन दिवसांत मतदान घ्यावं लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तलवार म्यानात होती, पण म्यान टेबलावर ठेवलेली होती.

त्यातच ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपत होतं. कडव्या गटाची मागणी होती की 'प्लॅन्ड पॅरेंटहूड' या गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थेचा सरकारी पैसा तोडा, नाहीतर सरकारच्या खर्चाला मंजुरी नाही. सिनेटमध्ये असं विधेयक पुढे रेटायला लागणारी ६० मतं जमत नव्हती आणि जमली असती तरी ओबामांनी नकाराधिकार वापरला असता.

पहिला पर्याय मागणी मान्य करून सरकार बंद पडू देण्याचा. यात बेनर यांची खुर्ची काही महिने टिकली असती. दुसरा, नेहमीप्रमाणे डेमोक्रॅटांबरोबर निधी मंजूर करायचा आणि नंतर येईल त्या ठरावाला तोंड द्यायचं. ठराव बहुधा फेटाळला गेला असता, कारण बेनर यांना पाडून आणखी कडवा माणूस आणण्यात डेमोक्रॅटांचा फायदा नव्हता. पण विरोधकांच्या कुबड्यांवर टिकलेल्या स्पीकरला पक्षात कोण जुमानणार? शिवाय त्यांना मत देणाऱ्या प्रत्येक रिपब्लिकनाच्या माथी प्राथमिक निवडणुकीत ते मत मारलं गेलं असतं. आपल्या माणसांना त्या जाळ्यात ओढायचं नाही, हे बेनर यांनी बोलून दाखवलं. तिसरा पर्याय बंडखोरांना शिक्षा करण्याचा. तो आधी वापरून झाला होता, आणि कसा वापरला ते पुढे येतंच.

चौथा पर्याय आपणहून जाण्याचा. २०१४अखेर निवृत्त व्हायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं. कँटर हरले आणि वारसदारच उरला नाही म्हणून ते थांबले होते. नोव्हेंबरमध्ये वाढदिवशी जाहीर करायचं ठरवलं होतं. पोपच्या भाषणानंतरच्या सकाळी उठून नेहमीसारखी प्रार्थना केली आणि 'आजच' असं ठरवलं, एवढ्या साध्या शब्दांत त्यांनी तो निर्णय पत्रकारांना सांगितला.

त्यांनी काय केलं

बहुतेक नेते राजीनामा दिल्यावर निरोपाच्या भाषणांना लागतात. बेनर यांनी मधले पाच आठवडे कामाला लावले. जाणाऱ्या माणसाला धमकी कशाची देणार? नव्या माणसाच्या हाती घाण गोठा द्यायचा नाही, तो साफ करून जायचं, अशा अर्थाचं ते बोलले आणि तसं वागले.

३० सप्टेंबरला निधी मंजूर झाला : २७७ विरुद्ध १५१. रिपब्लिकनांची मतं ९१. ८ ऑक्टोबरला वारसदार म्हणून पुढे आलेले केव्हिन मॅकार्थी पक्षांतर्गत मतदानाच्या तोंडावर अचानक बाजूला झाले आणि पक्षाची पार त्रेधा उडाली. स्पीकरपद घ्यावं म्हणून बेनर यांनी पॉल रायन यांची मनधरणी चालू ठेवली. पडद्याआड ओबामा, सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल, गृहातल्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसी आणि सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांच्याशी दोन वर्षांचा अर्थसंकल्पी करार ठरला. खर्चाची मर्यादा ८,००० कोटी डॉलरने वाढली आणि कर्जमर्यादेचा प्रश्न मार्च २०१७पर्यंत, म्हणजे पुढच्या अध्यक्षाच्या कारकिर्दीपर्यंत ढकलला गेला. २८ ऑक्टोबरला तो करार २६६ विरुद्ध १६७ मतांनी मंजूर झाला. स्वपक्षाची मतं ७९. दुसऱ्या दिवशी रायन २३६ मतांनी स्पीकर झाले. हा करार ज्या घाईत झाला त्या पद्धतीला रायन यांनी जाहीर नावं ठेवली, आणि मतदान मात्र बाजूने केलं.

निष्पत्ती

सरकार बंद पडलं नाही आणि देशाचं देणं थकलं नाही. स्पीकरच्या खुर्चीवर भर सभेत मतदान होण्याची नामुष्की टळली. रायन यांना श्वास घ्यायला सव्वा वर्ष मिळालं. या बाजूने पाहिलं तर बेनर यांचा शेवटचा महिना हा त्यांच्या स्पीकरपदाचा सर्वांत यशस्वी महिना होता.

ठरावाचं हत्यार मात्र बोथट झालं नाही. ते न चालवताच स्पीकर गेला, यावरून बंडखोरांनी काय बोध घेतला असेल ते २०२३मध्ये दिसलं. मॅकार्थी पंधराव्या फेरीत कसेबसे स्पीकरपदी निवडून आले. डेमोक्रॅटांनी २०१९मध्ये अवघड केलेला तो ठराव एका सदस्यालाही मांडता येईल, अशी अट मॅकार्थी यांनी मान्य केली होती. ३० सप्टेंबर २०२३ला त्यांनीही डेमोक्रॅटांच्या मदतीने निधी मंजूर केला. बेनर ज्या फाट्यावर उभे होते तोच हा फाटा होता, तारीखसुद्धा तीच. ३ ऑक्टोबरला २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांना हटवण्यात आलं. अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. स्वपक्षाचे फक्त ८ जण फुटले होते, पण तेव्हा बहुमतच इतकं निसटतं होतं की आठ पुरले. मॅकार्थी यांना वाचवायला डेमोक्रॅटांतला एकही पुढे आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात २०१०पासून करायला हवी. आरोग्य कायद्यावरच्या मतदानाआधी बेनर यांनी सभागृहात जे गरजून भाषण केलं, त्याने पक्षाचा कार्यकर्ता पेटून उठला. त्या लाटेवर पक्षाला ६३ जागा जास्त मिळाल्या. पण सिनेट आणि अध्यक्षपद दुसऱ्यांकडे असताना एका गृहाच्या बहुमतावर तो कायदा रद्द होणार नाही, हे कार्यकर्त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही. पुढे 'नेत्यांनी लढाच दिला नाही' ही तक्रार उभी राहिली, तिचं बी इथे पडलं.

दुसरी जागा ऑक्टोबर २०१३ची. कडव्या गटाने आरोग्य कायद्याच्या निधीवरून सरकार बंद पाडायचा घाट घातला. हे चुकतंय असं बेनर यांना वाटत होतं आणि ते त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलंही होतं. तरी ते त्यांच्यामागे गेले. ज्याच्यामागे कोणी चालत नाही तो नेता नसतो, नुसता फेरफटका मारायला निघालेला माणूस असतो, असं त्यांनी नंतर टीव्हीवर सांगितलं. सोळा दिवस सरकार बंद राहिलं, हाती काही लागलं नाही. एकदा हात पोळला की ही मंडळी शहाणी होतील, असा त्यांचा हिशेब असावा. पण वर्षभराने पक्ष निवडणूक दणक्यात जिंकला! हात पोळलाच नाही. ज्या विजयाने बेनर यांना २४७चं बहुमत दिलं, त्याच विजयाने बंडखोरांना सांगितलं की सरकार बंद पाडल्याची शिक्षा मतदार देत नाहीत. बेनर यांनी २०१३मध्येच, पहिल्याच दिवशी निधीचं विधेयक मतदानाला टाकलं असतं, तर खुर्ची कदाचित २०१३मध्येच गेली असती. पण ज्या गोष्टीवर आपला विश्वास होता तिच्यासाठी गेली असती.

शिक्षेचं तसंच. जानेवारी २०१५मध्ये विरोधात उभे राहिलेले डॅनियल वेबस्टर आणि त्यांचे साथीदार रिच न्यूजंट यांना नियम समितीतून काढलं, बाकीच्यांना बहुतेक हात लावला नाही. जूनमध्ये मेडोज यांचं उपसमितीचं अध्यक्षपद काढून घेतलं, आणि ओरड होताच काही दिवसांत परत दिलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी ठराव आणला. काढून परत दिलेल्या पदाने धाक गेला आणि राग तेवढा शिल्लक राहिला.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. जून २०१३मध्ये सिनेटने स्थलांतर सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं होतं. त्यात १४ रिपब्लिकन होते. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही अट त्यातून उठणार होती. त्यात भारतीय आयटी कंपन्यांना जाचक ठरतील अशी एच-१बी व्हिसाची कलमंही होती. तरीही न्यू जर्सीच्या एडिसनपासून कॅलिफोर्नियाच्या फ्रीमाँटपर्यंत रांगेत ताटकळणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी त्या ७ टक्क्यांचा अर्थ मुलांच्या वाढदिवसांत मोजायचा असतो. मुलगा २१ वर्षांचा होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याआधी आपला नंबर लागेल का, असा तो हिशेब.

स्थलांतराच्या कायद्यात सुधारणा हवी, असं बेनर स्वतः २०१२पासून म्हणत होते. विधेयक मतदानाला आलं असतं तर डेमोक्रॅट आणि काही रिपब्लिकन मिळून २१८ जमतील, असं वॉशिंग्टनमध्ये उघड बोललं जात होतं. बेनर यांनी ते कधीच मांडलं नाही. पक्षातल्या बहुमताचा पाठिंबा नाही, मांडलं तर बंड होईल, हे कारण होतं. कर्जमर्यादेसाठी, निधीसाठी, कुठल्या ना कुठल्या मुदतीसाठी ते डेमोक्रॅटांची मतं घेतच राहिले. या एकाच कामासाठी घेतली नाहीत.

३ जानेवारी २०१५ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर संपलं. तीन दिवसांनी स्पीकरची निवड झाली, आणि पक्षातल्या त्या २५ जणांनी बेनर यांना मत दिलं नाही ते नाहीच.